अठ्ठ्याण्णव आरोप आणि दोन कबुल्या

ज्या घरांत दहा-बारा मुलें एका छताखालीं वाढतात, त्या घरांत लोणच्याची बरणी फुटली म्हणजे पुढें काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कोणीच कांहीं पाहिलेलें नसतें. मोठीं मुलें पुस्तकांत डोकें खुपसून बसलेलीं असतात, आणि बरणीनें जणूं स्वतःच फळीवरून उडी घेतलेली असते. अशा वेळीं घरांतलें जाणतें माणूस सर्वांना रांगेंत उभें करून छडी उगारीत नाहीं. तें सर्वांत धाकट्यास बाजूला नेतें आणि म्हणतें, 'जो आधीं खरें सांगेल त्याला मार बसणार नाहीं.' दहा मिनिटांत सारा प्रकार बाहेर येतो. धाकटा सुटतो, थोरल्याच्या पाठींत बसते, आणि मधल्या दोघांना आपण आधीं कां बोललों नाहीं याची हळहळ लागते.

या घरगुती युक्तीचें शास्त्र बनवून अमेरिकेंतील सरकारी वकिलांनीं आपलें सारें फौजदारी कामकाज त्यावर उभारलें आहे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. तेथील सर्वोच्च न्यायालयानेंच २०१२ सालच्या एका निकालपत्रांत नमूद केलें कीं, मध्यवर्ती सरकारच्या न्यायालयांत दोषी ठरणाऱ्या शंभर आरोपींपैकीं ९७ जण स्वतःच्या कबुलीनें दोषी ठरतात. साक्षीपुरावा झाला, उलटतपासणी झाली, ज्यूरीनें विचार करून निकाल दिला, असें शंभरांत तिघांच्याच बाबतींत घडतें. उरलेल्यांचा निकाल वकिलांच्या खोलींत, टेबलाच्या दोन बाजूंस बसून होतो. हा सौदा कसा ठरतो, आणि त्यांत तागडीच्या पारड्यांत काय काय टाकलें जातें, तें पाहण्यासारखें आहे. विशेषतः पैशाच्या लबाडीच्या खटल्यांत तें पाहावें. कारण तेथें या युक्तीवांचून सरकारचें पाऊलही पुढें पडत नाहीं.

उदाहरणासाठीं फार दूर जावयास नको. एन्रॉन हें नांव महाराष्ट्रास परकें नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत, गुहागर तालुक्यांत दाभोळजवळ या कंपनीनें वीजकेंद्र उभारावयाचें ठरविलें. १९९३ सालीं राज्य विद्युत् मंडळाशीं करार झाला, १९९५ सालीं राज्यांतील सरकार बदलल्यावर तो मोडला, मग पुन्हां जुळला, १९९९ सालीं वीज सुरू झाली आणि २००१ सालीं बिलांच्या भांडणांत ती बंद पडली. त्या दिवसांत विजेचे दर व कराराचीं कलमें यांवर कोंकणापासून विदर्भापर्यंत ओसरीओसरीवर वाद झडत असत. तो विषय निराळा. येथें सांगावयाचें तें या कंपनीच्या मूळ घरीं, टेक्सस राज्यांतील ह्यूस्टन शहरीं, काय घडलें तें.

अँड्र्यू फॅस्टो हा एन्रॉनच्या अर्थविभागाचा मुख्य. कंपनीचें कर्ज झांकावें आणि नफा फुगलेला दिसावा, या हेतूनें त्यानें नांवाला स्वतंत्र अशा अनेक भागीदारी संस्था काढल्या. कंपनीनें आपला पडीक माल या संस्थांस विकला असें दाखवावयाचें, विक्रीचा फायदा जमेस धरावयाचा, आणि नुकसान झाल्यास तें कंपनीच भरून देईल असें वचन कागदावर न आणतां द्यावयाचें, अशी ही रचना होती. एन्रॉनच्या वतीनें विकणारा फॅस्टो आणि संस्थेच्या वतीनें विकत घेणाराही फॅस्टोच. मधल्या मध्यें त्याला स्वतःला तीन कोटी डॉलरांहून अधिक प्राप्ति झाली, असें कंपनीच्याच चौकशी समितीस पुढें आढळलें. यांतल्या एका संस्थेचें नांव 'एल्. जे. एम्.' असें होतें. हीं त्याच्या पत्नीच्या व दोन मुलांच्या नांवांचीं आद्याक्षरें. आपल्याकडेही दुकानावर मुलाबाळांचें नांव घालतात. फक्त दुकान सचोटीचें असावें एवढी अपेक्षा असते.

ऑगस्ट २००० मध्यें एन्रॉनचा शेअर ९० डॉलरांच्या घरांत होता. नोव्हेंबर २००१ मध्यें कंपनीनें मागील चार वर्षांच्या नफ्यांतून ५८ कोटी ६० लाख डॉलर कमी करून दाखविले, आणि २ डिसेंबर २००१ रोजीं दिवाळें काढलें. शेअर एका डॉलराच्याही खालीं आला होता. हजारों नोकरांनीं आपली म्हातारपणची पुंजी त्याच शेअरमध्यें ठेवलेली होती. नोकरी आणि पुंजी दोन्ही एकाच आठवड्यांत गेल्या.

आतां सरकारी वकिलाच्या जागीं बसून पाहावें. खून झाला तर प्रेत सांपडतें, घरफोडी झाली तर कडीकोयंडा उचकटलेला दिसतो. हिशेबाच्या लबाडींत मात्र प्रत्येक कागद जागच्या जागीं असतो. त्यावर वकिलाचा अभिप्राय असतो, हिशेबतपासनिसाची सही असते, आणि हजार पानें चाळलीं तरी 'आम्ही लोकांना फसवीत आहों' असें कोठेंही लिहिलेलें आढळत नाहीं. गुन्हा कागदांत नसतो, कागदामागच्या हेतूंत असतो. आणि हेतु ठाऊक असतो तो त्या खोलींत बसलेल्या चार-पांच माणसांना. त्यांच्यापैकीं कोणी तरी फुटल्याखेरीज खटला उभा राहत नाहीं. म्हणून सरकारी पक्षाचा पहिला प्रश्न 'कोण दोषी' हा नसून 'कोण आधीं बोलेल' हा असतो.

बोलतें करण्याचें साधन म्हणजे आरोपांची संख्या. टपालाच्या द्वारें केलेल्या फसवणुकीविरुद्धचा अमेरिकन कायदा १८७२ सालचा आहे. तारायंत्र, दूरध्वनि वगैरेंच्या द्वारें केलेल्या फसवणुकीचा १९५२ सालचा. या कायद्यांची खुबी अशी कीं, लबाडीचा बेत एकच असला तरी त्याच्या पायीं जितकीं पत्रें गेलीं आणि जितके निरोप तारेवरून धांवले, तितके गुन्हे निरनिराळे मोजतां येतात. खोट्या हिशेबाचा एक कागद दहा वेळां पाठविला कीं दहा आरोप झाले. तो पैसा बँकेंतून फिरला कीं पैसा धुतल्याचा आरोप वेगळा, दोघांनीं मिळून केलें म्हणून कटाचा वेगळा, आणि मिळकत प्राप्तिकराच्या पत्रकांत दाखविली नाहीं म्हणून आणखी एक. एन्रॉनच्या वेळीं अशा प्रत्येक फसवणुकीस पांच वर्षांपर्यंत कैद होती. २००२ च्या जुलैंत नवा कायदा करून ती वीस वर्षांवर नेली. फॅस्टोवर ऑक्टोबर २००२ मध्यें ७८ आरोप ठेवण्यांत आले, आणि पुढच्या मे महिन्यांत त्यांची संख्या ९८ वर गेली.

हे ९८ आरोप एकूण एक शाबीत करावयाची सरकारी वकिलाची इच्छा असते असें कोणीं समजूं नये. कापडाच्या पेढीवर दुकानदार प्रथम जो भाव सांगतो तसेच ते असतात. दुकानदारालाही ठाऊक असतें आणि गिऱ्हाइकालाही ठाऊक असतें कीं, हा भाव देण्याघेण्याचा नव्हे. फरक एवढाच कीं, पेढीवरून गिऱ्हाइकाला उठून जातां येतें. येथें उठून जाणें म्हणजे खटला चालवून घेणें, आणि तो हरल्यास सांगितलेला पुरा भाव मोजणें. शिवाय १९८७ पासून तेथें शिक्षेचीं कोष्टकें आहेत. फसवणुकीनें किती रकमेचें नुकसान झालें त्यावर गुण मांडून शिक्षेचे महिने काढतात. शेअर पडून लोकांचें कोट्यवधींचें नुकसान झालें असेल तर हा आंकडा आयुष्यभराच्या कैदेपर्यंत सहज चढतो. जानेवारी २००५ पासून हीं कोष्टकें न्यायाधीशांवर बंधनकारक राहिलीं नाहींत, तरी विचाराचा आरंभ तेथूनच होतो. त्या कोष्टकांखालीं उतरण्याची एक शिडी आहे ती सरकारास साहाय्य केल्याची. आणि ती लावून देण्याची विनंती सरकारी वकिलानेंच करावयाची असते. आरोप किती ठेवावे, किती काढून घ्यावे आणि कोणाचें साहाय्य उपयोगी पडलें असें म्हणावें, या तिन्ही दोऱ्या एकाच हातांत.

या दोऱ्या एन्रॉनच्या खटल्यांत पायरीपायरीनें ओढण्यांत आल्या. प्रथम फॅस्टोच्या हाताखालचा मायकेल कॉपर २१ ऑगस्ट २००२ रोजीं न्यायालयांत येऊन दोन गुन्हे कबूल झाला, एक कोटि वीस लाख डॉलर परत देण्यास तयार झाला आणि बोलूं लागला. सहा आठवड्यांच्या आंत फॅस्टो पोलिसांच्या स्वाधीन झाला. कॉपरला शेवटीं तीन वर्षें व एक महिना कैद झाली. कंपनीचा खजिनदार बेन ग्लिसान याची तऱ्हा वेगळी. सप्टेंबर २००३ मध्यें त्यानें एक गुन्हा कबूल केला, सरकारास साहाय्य करण्याचा करार मात्र केला नाहीं, आणि त्याच दिवशीं पांच वर्षांच्या कैदेस निघून गेला. पुढें त्याला तुरुंगांतून साक्षीस आणलें तेव्हां त्याच्या बोलण्यावरून शिक्षा कमी करून घेण्याचा प्रश्न उरला नव्हता. आमच्या मतें अशा साक्षीचें वजन निराळें असतें.

फॅस्टो मात्र कांहीं केल्या बोलेना. मग १ मे २००३ रोजीं त्याच्या पत्नीस पकडण्यांत आलें.

ली फॅस्टो ही पूर्वीं एन्रॉनमध्येंच खजिनदाराच्या कचेरींत मोठ्या हुद्द्यावर होती. मुलें झाल्यावर तिनें नोकरी सोडली होती. कंपनीच्या मोठ्या कारस्थानांशीं तिचा संबंध नव्हता. कॉपरनें फॅस्टोच्या कुटुंबीयांच्या नांवें 'भेट' म्हणून दहा-दहा हजार डॉलरांचे धनादेश पाठविले होते. भेटीवरील कर चुकावा म्हणून रकमेची मर्यादा बेतलेली. खरें पाहतां ती पतीच्या लबाडीच्या मिळकतींतील वांटणी होती, आणि पतिपत्नींच्या संयुक्त प्राप्तिकर-पत्रकांत ती दाखविलेली नव्हती. त्या पत्रकांवर लीची सही होती. तिच्यावर सहा आरोप ठेवले गेले.

ती निर्दोष होती असें आमचें म्हणणें नाहीं. पुढें तिनें स्वतःच गुन्हा कबूल केला. परंतु एवढ्या रकमेच्या करचुकवेगिरीसाठीं एरवीं सरकारनें दोन लहान मुलांच्या आईस फौजदारी न्यायालयांत उभें केलें असतें काय, हा प्रश्न ह्यूस्टनमध्यें तेव्हांही विचारला गेला. नवऱ्यानें तोंड उघडावें यासाठीं बायकोवरील आरोप हें सरकारी वकिलांच्या हातांतलें साधन झालें होतें, आणि सौदा ठरला तोही दोघांचा मिळूनच. १४ जानेवारी २००४ रोजीं एकाच दिवशीं दोघांनीं कबुली दिली. अँड्र्यूचे ९८ आरोपांपैकीं दोन उरले, दोन्ही कटाचे. त्यानें दहा वर्षें कैद मान्य केली, सुमारे दोन कोटि चाळीस लाख डॉलरांवर पाणी सोडलें, आणि वरिष्ठांविरुद्ध साक्ष देण्याचें पत्करलें. लीचा एक आरोप उरला. तिला पांच महिने तुरुंग व पांच महिने घरींच नजरकैद, आणि ती सुटून आल्यावर मग त्यानें जावें, म्हणजे मुलें एकाच वेळीं आईबापांस पारखीं होणार नाहींत, असा हिशेब बसविला होता.

हा हिशेब न्यायाधीश हिटनर यांस रुचला नाहीं. शिक्षा वकिलांनीं आधीं ठरवून आणावी आणि न्यायासनानें तिच्यावर केवळ शिक्का मारावा, हें मान्य करण्यास त्यांनीं नकार दिला. एप्रिलांत लीनें आपली कबुली मागें घेतली. तेव्हां सरकारी पक्षानें काय केलें? ज्या आरोपांस त्यांनीं वर्षभर गंभीर म्हणून मिरविलें होतें ते सारे काढून घेतले आणि त्यांच्या जागीं एकच किरकोळ गुन्ह्याचा आरोप ठेवला, कीं ज्यास एक वर्षाहून अधिक शिक्षा देतांच येत नाहीं. त्याच कागदपत्रांवरील तीच सही जानेवारींत गंभीर गुन्हा होती आणि मे महिन्यांत किरकोळ झाली. न्यायाधीशांनीं या वर्तनावर भर न्यायालयांत कडक शब्दांत टीका केली आणि जितकी देतां येत होती तितकी, म्हणजे पुरी एक वर्षाची शिक्षा दिली. जुलै २००४ मध्यें ती ह्यूस्टनमधील तुरुंगांत गेली. सरकारी वकिलांनीं दया दाखवूं केली आणि न्यायाधीशांनीं सौद्याचा राग शिक्षेंत उतरविला. या दोहोंच्या कात्रींत ती बाई सांपडली असें म्हणावें लागतें. पति मात्र आणखी दोन वर्षें जामिनावर बाहेर होता, कारण त्याची साक्ष अजून व्हावयाची होती.

येथें आमच्या वाचक-भगिनींसाठीं एक गोष्ट आडवळणानें सांगून घेतों. एकत्र कुटुंबाच्या पेढ्यांत व कंपन्यांत घरांतल्या सुनांचीं नांवें भागीदार म्हणून, संचालक म्हणून घालण्याची चाल आपल्याकडेही आहे. दीर कागद आणून ठेवतात, पोळपाटावरचा हात पुसून सही होते, आणि कागदांत काय आहे हें विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें असें मानलें जातें. सहीचा अर्थ कुटुंबांत कांहींही असो, न्यायालयांत तो एकच असतो.

फॅस्टोची साक्ष मार्च २००६ मध्यें झाली. आरोपींच्या पिंजऱ्यांत कंपनीचा अध्यक्ष केनेथ ले आणि माजी मुख्याधिकारी जेफ्री स्किलिंग हे होते. त्यांच्याबरोबर उभा राहावयाचा हिशेबखात्याचा प्रमुख रिक कॉझी हा खटला सुरू होण्यापूर्वीं अवघे कांहीं आठवडे आधीं कबुली देऊन बाजूला झाला होता. तोंडी दिलेल्या गुप्त वचनांची हातानें लिहिलेली एक यादी फॅस्टोच्या साक्षींत पुढें आली. हेतूचा पुरावा आम्हीं वर म्हटला तो असा असतो. एका माणसाच्या खणांत पडलेला, आणि त्यानें दाखविल्याशिवाय कोणास न सांपडणारा. बचावाच्या वकिलांनीं तो चोर आहे, खोटारडा आहे, आपली शिक्षा वांचविण्यासाठीं बोलतो आहे, असें त्याच्या तोंडावर सांगितलें. पहिल्या दोन गोष्टी त्यानें स्वतःच कबूल केलेल्या होत्या. २५ मे २००६ रोजीं ज्यूरीनें ले यास सर्व सहा आरोपांवर व स्किलिंगला २८ पैकीं १९ आरोपांवर दोषी ठरविलें.

पुढील हिशेब विचित्र आहे. ले शिक्षा होण्यापूर्वींच जुलैंत मरण पावला, आणि अपील करण्यापूर्वीं आरोपी मेला म्हणून तेथील नियमाप्रमाणें त्याची दोषसिद्धि रद्द झाली. कायद्याच्या दृष्टीनें तो निर्दोष मेला. फॅस्टोनें दहा वर्षें कबूल केलीं होतीं, त्याला न्यायाधीशांनीं सहाच दिलीं. स्किलिंगला २४ वर्षें ४ महिने. ज्यानें हीं यंत्रें आपल्या हातानें बनविलीं व त्यांतून स्वतःची तुंबडी भरली त्याला सहा, आणि जो शेवटपर्यंत 'मीं गुन्हा केला नाहीं' म्हणाला त्याला चोवीस. २०१३ सालीं स्किलिंगनेंही अखेर सौदा केला. अपिलें सोडून दिलीं, चार कोटींहून अधिक डॉलर फसलेल्या लोकांकडे जाऊं दिले, आणि शिक्षा चौदा वर्षांवर आली.

तथापि स्किलिंगबद्दल फार हळहळ वाटण्याचें कारण नाहीं. ज्याची वाटावी असा मनुष्य त्याच शहरांत दुसऱ्या एका वीज-वायूच्या कंपनींत, डायनेजींत, होता. तिशी उलटलेला एक मधल्या पायरीचा हिशेबनीस. तीस कोटि डॉलरांचें कर्ज धंद्याच्या उत्पन्नासारखें दाखविण्याच्या बेतांत तो, त्याचा वरिष्ठ व एक सहकारी बाई असे तिघे होते. दोघांनीं कबुली दिली. यानें खटला चालवून घेतला आणि हरला. मार्च २००४ मध्यें त्यास २४ वर्षें ४ महिने कैद झाली, पुढें स्किलिंगला झाली तितकीच, महिन्याचाही फरक नाहीं. कबुली देणाऱ्या वरिष्ठास पंधरा महिने मिळाले आणि सहकारी बाईस तीस दिवस. अपिलांत ती शिक्षा रद्द होऊन २००६ सालीं सहा वर्षें झाली खरी. पण पहिला आंकडा ऐकून ह्यूस्टनमधील किती आरोपींनीं खटल्याचा विचार सोडला असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरांत नाहीं.

अशी धमकी घालणें कायदेशीर आहे काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालींच होय म्हणून सांगितलें आहे. केंटकी राज्यांत एका मनुष्यानें ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट चेक वटविला. सरकारी वकील म्हणाला, 'कबूल हो, पांच वर्षें मागतों. नाहीं तर तुझे मागचे दोन गुन्हे जोडून सराईत गुन्हेगार म्हणून जन्मठेप मागतों.' तो कबूल झाला नाहीं, आणि त्याला जन्मठेप झाली. पांच विरुद्ध चार मतांनीं न्यायालयानें ती कायम केली.

कबुली म्हणजे सत्य, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. एन्रॉनचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही पेढी. तिच्या अमेरिकेंतील शाखांत २८ हजार माणसें कामास होतीं. एन्रॉनचे कागद फाडल्याबद्दल तिच्यावर खटला झाला. एन्रॉनचें काम पाहणारा तिचा भागीदार डेव्हिड डंकन याने एप्रिल २००२ मध्यें आपण गुन्हा केला अशी कबुली दिली आणि आपल्याच पेढीविरुद्ध साक्ष दिली. जूनमध्यें पेढी दोषी ठरली आणि तिचा धंदा बसला. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तो निकाल फिरविला. आपण वाईट करीत आहों ही जाणीव आरोपीस असावी लागते, हेंच ज्यूरीस नीट सांगितलें गेलें नव्हतें. मग डंकननें आपली कबुली परत घेतली, आणि न्यायालयानें ती परत घेऊं दिली. पेढी मात्र परत उभी राहिली नाहीं. जो गुन्हा कायद्यानें नीट ठरलाच नव्हता तो एक सुशिक्षित, वकिलांनीं वेढलेला मनुष्य शपथेवर कबूल करून बसला होता. मग ज्यांना वकील परवडत नाहीं त्यांच्या कबुल्यांचें काय?

आमचें मत विचाराल तर, खरें बोलणाऱ्यास सौम्य शिक्षा देण्यांत आम्हांस अन्याय दिसत नाहीं. वरच्या पायरीवरचा चोर खालच्यानें सांगितल्याशिवाय सांपडत नाहीं, आणि तो न सांपडणें हा ज्यांची पुंजी गेली त्यांच्यावरचा दुसरा अन्याय होय. आमचा आक्षेप दोन गोष्टींस आहे. एखाद्यावर त्याच्या स्वतःच्या कृत्यासाठीं नव्हे, तर दुसऱ्या कोणाला दुखावें म्हणून आरोप ठेवणें ही एक. आणि खटला मागितल्याबद्दल गुन्ह्याहून मोठी शिक्षा देणें ही दुसरी. पहिलींत माणूस ओलीस होतो, दुसरींत न्यायालय.

आपल्या देशांत हा व्यवहार फार काळ निषिद्ध मानला गेला. १९७६ सालीं महाराष्ट्रांतील खाद्यतेलाच्या भेसळीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, तेव्हां न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं हलक्या शिक्षेच्या बदल्यांत कबुली घेण्याच्या रीतीवर ताशेरे झाडले. १९८० सालीं गुजरातच्या तशाच एका खटल्यांत ती घटनाविरोधी ठरली. पुढें तुंबलेल्या खटल्यांचा डोंगर पाहून कायद्यानेंच दार किलकिलें केलें. ५ जुलै २००६ पासून ती तरतूद अमलांत आली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेंतही ती आहे. पण दाराला आडणे पुष्कळ आहेत. सात वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे वगळलेले. स्त्रिया व मुलें यांच्यावरील गुन्हे वगळलेले. देशाच्या सामाजिक व आर्थिक स्थितीस बाधक म्हणून सरकारनें जाहीर केलेले गुन्हेही वगळलेले. अर्ज आरोपीनेंच करावयाचा, फसलेल्या माणसास वाटाघाटींत जागा द्यावयाची, आणि शिक्षेंत सूट किती तें कायद्यानेंच ठरविलेलें. आरोपांची संख्या फुगवून सौदा करण्यास येथें फारसा वाव नाहीं.

मोठ्या कटांसाठीं आपल्याकडे जुना 'माफीचा साक्षीदार' आहेच. पण त्याला माफी देतें तें न्यायालय, सरकारी वकील नव्हे. सर्व खरें सांगेन या अटीवर ती मिळते, आणि तो आधींच जामिनावर सुटलेला नसेल तर खटला संपेपर्यंत त्यानें कोठडींतच राहावयाचें असतें. शिवाय गुन्ह्यांतील साथीदाराच्या बोलण्यास दुसरा आधार असल्याखेरीज न्यायालयें सहसा त्यावर विसंबत नाहींत. या सावधपणापायीं आपले मोठे आर्थिक खटले वर्षानुवर्षें रेंगाळतात, आणि फसलेले ठेवीदार निकाल ऐकावयास जिवंत राहत नाहींत, ही दुसरी बाजूही डोळ्यांआड करतां येत नाहीं. एन्रॉन बुडाल्यापासून अवघ्या साडेचार वर्षांत तिचे दोन्ही प्रमुख दोषी ठरले. आपल्या कोणत्या बुडालेल्या बँकेबद्दल असें म्हणतां येईल?

आपल्या कायद्यांत आणखी एक लहानसें कलम आहे, त्याकडे आम्ही लक्ष वेधूं इच्छितों. आरोपीनें सौद्यासाठीं अर्ज केला कीं न्यायाधीशानें त्याला बंद दाराआड, दुसरा पक्ष हजर नसतांना, विचारावयाचें असतें कीं हा अर्ज तूं आपखुषीनें केलास काय. ह्यूस्टनमध्येंही कबुली घेण्यापूर्वीं हा प्रश्न विचारतात, पण भर न्यायालयांत आणि सरकारी वकिलासमक्ष. आणि तेथें उत्तर एकच देतां येतें, कारण दुसरें उत्तर दिल्यास सौदा मोडतो. १४ जानेवारी २००४ रोजीं फॅस्टोनें तेंच दिलें. दार बंद असतें आणि खोलींत न्यायाधीशांखेरीज कोणी नसतें, तर बायकोवर सहा आरोप असलेल्या त्या मनुष्यानें काय उत्तर दिलें असतें?